चौथा थांबा

प्रिय धाकटे,

गुडघा दाखवायला जाते आहे असं सांगून मी घरातून निघाले. गुडघा जसा होता तसाच आहे. मी बेटावर आले आहे. महिनाअखेरीस दुकानाची किल्ली दुसऱ्या शिंपिणीच्या हातात ठेवून तू जिथे कायमची राहायला येणार आहेस, तेच हे बेट. रागावू नकोस. किंवा रागाव, पण शेवटपर्यंत वाच. फोनवर तू मला मध्येच तोडतेस. "ताई, तुला कुणाचं चांगलं बघवतच नाही," म्हणतेस आणि मग मला बोलता येत नाही, कारण ते थोडंफार खरं आहे. पत्रात तुला तोडता यायचं नाही.

तुझ्या नवऱ्याने तुला पाठवलेल्या कार्डावर बेट जसं दिसतं तसंच ते आहे. एवढंच की कार्डाला वास नसतो. धक्क्यावर उतरलं की मासळी, डिझेल आणि अंगाला फासायची मलमं यांचा मिळून एक दर्प येतो, तो केसांत जाऊन बसतो. समुद्र निळा आहे. पण निळं असण्यात समुद्राने असं काय मोठं केलं, ते मला समजलेलं नाही. माडांच्या बुंध्यांना हॉटेलवाल्यांनी पांढरा रंग फासला आहे, दवाखान्याच्या भिंतीसारखा. माणसं इथे सुटीला येतात आणि घरी करतात तेच अर्ध्या चड्डीत करतात: जेवणाला नावं ठेवतात, एकमेकांवर डाफरतात, फोनमध्ये डोकं घालतात. माझ्या खोलीत पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवला होता. मी आधी तो सोडवला आणि मग चपला काढल्या.

आता त्याच्याबद्दल. कार्डाच्या मागे छापलं होतं, संपूर्ण बेट एका दिवसात, खासगी गाडी, आपल्या भाषेत बोलणारा मार्गदर्शक. ते वाचून दाखवताना तुझा आवाज कसा झाला होता! "बघ ताई, स्वतःचा धंदा उभा केला त्याने." इतक्या वर्षांत एक ओळ नाही आणि आता लिहितो, ये, इथे सगळं आहे, तूच नाहीस. त्या एका वाक्यावर तू मशीन विकायला काढलीस. तेव्हा मी माझ्या सासरच्या आडनावाने एका दिवसाची सहल ठरवली. त्याने मला कधी पाहिलेलं नाही. तुम्ही घाईत लग्न केलंत तेव्हा मी परदेशी नोकरीवर होते, आणि परतले तोवर तो पसार झाला होता. मी मात्र त्याला तुझ्या कपाटावरच्या फोटोत वर्षानुवर्षं पाहते आहे. तो फोटो तू पुसतेस आणि मी पुन्हा भिंतीकडे वळवून ठेवते, हे आपण दोघींनी कधी बोलून दाखवलेलं नाही.

तो उशिरा आला आणि खापर रस्त्यावर फोडलं. केसांना कलप, अंगात फुलाफुलांचा सदरा, कानामागे लाल फूल, गाडीत समोर मान डोलावणारं प्लास्टिकचं कासव. पोट सुटलं आहे. हसताना मान जरा तिरकी करतो, ती फोटोतली मान. "या ताई, आजच्या दिवस बेट तुमचं!" म्हणाला. दिवसभर मला ताईच म्हणत होता. नात्याने मी त्याची ताईच लागते. त्याला पत्ता नव्हता, पण दिवसभरात तो जे काही बोलला त्यात तेवढंच एक खरं निघालं.

पहिला थांबा डोंगरमाथा. "या बाजूला पाणी, त्या बाजूला पाणी. म्हणून तर याला बेट म्हणतात, ताई!" असं म्हणून तो हसण्यासाठी जागा सोडून थांबला. मी हसले नाही. मला ऐकू आलं नसेल असं वाटून त्याने तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं. दुसरा थांबा धबधबा. वळणाच्या अलीकडे त्याने दोनदा हॉर्न वाजवला. वर झाडीत बनियनमधला एक माणूस उठून उभा राहिला आणि लोखंडी चक्र फिरवू लागला. आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी पडत होतं. "नशीबवान आहात. काल एक थेंब नव्हता." तिसरा थांबा जुनं झाड. त्याला मिठी मारून मनात इच्छा धरायची. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मिठ्यांनी खोड हॉटेलच्या कठड्यासारखं गुळगुळीत झालं आहे. मीही इच्छा धरली. ती काय होती ते विचारू नकोस. त्याच्या गाडीचे ब्रेक उत्तम आहेत, तेवढं सांगते.

चौथ्या थांब्याच्या आधी त्याने गाणी बंद केली. काळा चष्मा काढला. कानामागचं फूल काढून कासवापाशी ठेवलं. मला वाटलं, ओळखलं की काय. पण ही तयारी होती. रस्ता संपतो तिथे एक काळा खडक समुद्रात घुसलेला आहे. आम्ही काठावर उभे राहिलो. "हे मी सगळ्यांना सांगत नाही," तो म्हणाला. मग त्याने सांगितलं.

त्याची बायको शिवणकाम करायची. तोंडात टाचण्या धरून बोलायची, त्यामुळे तिचं निम्मं बोलणं कधी समजलंच नाही. जेवायला बसली तरी गळ्यात टेप. हसू आलं की आधी हातातलं काम खाली ठेवायची आणि मग हसायची. आणि कापड हातात आलं की ते उलगडण्याआधी नाकाशी न्यायची, वास घ्यायची, मग कात्री उचलायची. धाकटे, हे तू करतेस. तू करतेस हे तुलाही ठाऊक नसेल. आई गेल्यानंतर हे जगात फक्त मला माहीत आहे असं मी समजत होते. त्या वाऱ्यात, त्या माणसासमोर, माझे डोळे भरून आले. त्याने ते पाहिलं आणि त्याचा आवाज आणखी खाली गेला. किती खाली न्यायचा ते त्याला बरोबर कळतं.

मग पुढचं. एक दिवस मशीनचा पट्टा तुटला. काम अडलं होतं. ती म्हणाली, तुम्ही बसा, मीच पलीकडून घेऊन येते. पट्टा घेऊन ती निघाली. होडी या खडकापर्यंत आली होती. इथपर्यंत सांगून तो थांबला. हीही जागा ठरलेली असणार, फक्त हसण्याऐवजी रडण्यासाठी सोडलेली.

ती सकाळ तू मला इतक्यांदा सांगितली आहेस की मी तिथे नव्हते असं वाटत नाही. शाळेचे गणवेश द्यायचे होते आणि पट्टा तुटला. पायात चपला अडकवून तो म्हणाला, "तू बस, मी आलोच घेऊन." संध्याकाळपर्यंत तू मशीनवर झाकण घातलं नाहीस. मग पट्ट्याच्या जागी सुतळी बांधलीस आणि गणवेश पुरे केलेस. इथे त्याने काय केलं, तर जाणाऱ्याच्या जागी तुला ठेवलं आणि वाट बघणाऱ्याच्या जागी स्वतः बसला. खोटं बोलायचं तर निदान स्वतःचं बोलावं. या माणसाला तेही सुचलं नाही. तुझंच दुःख उसवलं आणि उलटं फिरवून अंगात घातलं.

गाडीच्या डिकीत बर्फाची पेटी आहे. तीत थंड पाण्याच्या बाटल्या आणि फुलं. एक फूल माझ्या हातात देऊन म्हणाला, "तिच्यासाठी टाका, ताई. सगळे टाकतात." खाली खडकाच्या बेचक्यात आधीची फुलं अडकून फेसात कुजत होती. धाकटे, तू तिकडे सकाळी दुकानाचं शटर वर करतेस, काजं करतेस, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालतेस, आणि इथे रोज कुणीतरी अनोळखी बाई तुझ्यासाठी डोळे पुसते आणि पुढच्या थांब्याला जाते. मी त्याला विचारलं, "आणि ती परत आली तर?" त्याने जरुरीपुरतं समुद्राकडे पाहिलं. "समुद्र परत देत नाही, ताई." मग घड्याळाकडे पाहून म्हणाला, "चला, जेवण गार होईल."

जेवण त्याच्या घरी होतं. घर म्हणजे पुढे पत्र्याचा मांडव आणि मागे नव्या बांधलेल्या खोल्यांची रांग, अजून रंगाचा वास येणारी. तळलेला मासा होता, बरा होता. खाताखाता म्हणाला, पुढच्या हंगामापासून राहायची सोय सुरू करतोय, मैत्रिणींना सांगा. मी म्हटलं, "तुम्ही एकटे. कसं झेपणार?" "छे, एकटा कशाला? एक बाई येतेय आपल्याकडून. लांबच्या नात्यातली आहे. शिवणात हात चांगला. पडदे, अभ्रे, चादरी सगळं घरीच होईल. स्वयंपाकाचंही बघेल." आणि हाडं ताटाच्या कडेला सारत म्हणाला, "घरचंच माणूस म्हटल्यावर पगारबिगाराची कटकट नाही."

त्याने मला त्या बाईची खोली दाखवली. मी दाखवा म्हटलं नव्हतं, त्यालाच कौतुक. स्वयंपाकघराच्या मागे आहे. खिडकी आहे, तिच्यातून पाण्याची टाकी दिसते. बेटावर राहून समुद्र दिसणार नाही अशी खोली बांधायलाही डोकं लागतं. खाटेशेजारी नवी शिलाई मशीन होती, अजून प्लास्टिकमध्ये. त्याने तिच्यावर थाप मारली. मी वाकून पाहिलं. पट्टा होता.

मी कोण ते मी सांगितलं नाही. का, असं तू विचारशील. बोटीत बसल्यापासून वाक्यं तयार होती. आयुष्यभर वर्गात बोलले आहे, वाक्यांना तोटा नव्हता. पण मी तोंड उघडलं असतं तर त्याने माझे पाय धरले असते. रडला असता, तो चांगला रडतो. आणि मी खोलीवर पोहोचायच्या आत तुला फोन करून सगळ्याचा असा काही अर्थ सांगितला असता की माझं पत्र येईपर्यंत तुला तो पाठ झाला असता. म्हणून मूग गिळून बसले. परतताना त्याने पुन्हा गाणी लावली, फूल पुन्हा कानामागे गेलं. हॉटेलच्या दारात गाडीचं दार उघडून धरत म्हणाला, "ताई, चार लोकांत आमचं नाव सांगा बरं का." सांगेन म्हटलं. सांगते आहे.

आता, हे सगळं लिहायला का बसले ते. त्याने तुला बुडवलं, हे मी तुला फोनवर सांगितलं असतं. खोलीचं आणि टाकीचंही सांगितलं असतं, आणि तू मला तोडलं असतंस, "तो मला विसरला नाही ना, बस." तुला एवढंच हवं आहे, हे मला माहीत आहे. म्हणून ते टाळता येत नाही: नाही, तो तुला विसरलेला नाही. टाचण्या, टेप, कापडाचा वास, काहीही विसरलेला नाही. विसरला असता तर मी त्याला माफ केलं असतं, विसरणं माणसाच्या हातात नसतं. सगळं आठवत असताना त्याने तुला सकाळी मारलं आणि दुपारी कामाला ठेवलं. याहून वाईट मला काही सांगता आलं असतं तर मी तेच सांगितलं असतं. हे पत्र उद्याच्या पहिल्या बोटीने कुरिअरने निघेल, किल्ली देण्याआधी तुझ्या हातात पडेल. पाकिटात आणखी एक गोष्ट आहे. खडकावर मी ते फूल टाकलं नाही. गाडीत त्याने पाहिलं, "अरे, फूल राहिलंच की हातात!" मी म्हटलं, राहू दे. तुझ्यापर्यंत येईतो ते तपकिरी होईल, कागदाला डाग पडतील. मी तुला येऊ नकोस म्हणत नाही, माझ्या म्हणण्याने तू कधी थांबलेली नाहीस. फक्त ते हातात घे. नाकाशी ने, तू नेशीलच. आणि मग कात्री उचल.

तुझीच, आणि फक्त तुझीच,
ताई