चर्चची कपाटं, माझं वर्कबेंच

शनिवार, १३ एप्रिल

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. फक्त एवढं मोठं काम हातून होतंय तर त्याची कुठेतरी नोंद असावी.

आमच्या चर्चच्या तळघरातलं किचन नवीन करतायत. जुनी ओकची कपाटं कचऱ्यात चालली होती. खालची आठ, वरची सहा. चाळीस वर्षं कॉफीच्या वाफेत मुरलेला माल. मी म्हटलं, थांबा. पास्टर म्हणाले, न्या बाबा, आमचा भाडोत्री कचरागाडा तरी वाचेल. पिकअपच्या चार खेपा झाल्या. पाठ धरली आहे, पण मन प्रसन्न.

प्लॅन: गॅरेजच्या डाव्या भिंतीला सोळा फुटी वर्कबेंच, वर कपाटं, प्रत्येक स्क्रूला स्वतःचं घर. एक जूनला ब्रिटाची ग्रॅज्युएशन पार्टी आहे. इथे मिनेसोटात ती गॅरेजमध्येच होते आणि निम्मा गाव मुलीला नाही, गॅरेज बघायला येतो. सध्या आमच्या गॅरेजमध्ये एक माणूस उभा राहू शकतो, तोही तिरका.

मार्डेलने, म्हणजे बायकोने, अट घातली आहे. वीस मेपर्यंत झालं नाही तर पार्टी कर्टिसच्या शेडमध्ये. कर्टिस तिचा भाऊ. त्याच्या शेडमध्ये हिवाळ्यात जमीन विजेवर गरम होते, बेसिन आहे आणि भिंतीवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवलेली आहे. असा माणूस.

ब्रिटा म्हणाली, बाबा, मला पार्टी आपल्याच घरी हवीय, पण तू टेन्शन घेऊ नकोस. ऑगस्टमध्ये ती कॉलेजला जाणार. एकुलती एक पोर. तिची पार्टी कर्टिसकडे होणार नाही म्हणजे नाही. आणि टेन्शन कसलं, दोन वीकएंडचं काम आहे.

निश्चय: रोज दीड तास.

रविवार, १४ एप्रिल

बर्फ पडला. सुट्टी.

मंगळवार, १६ एप्रिल

कपाटांवरची लेबलं खरवडली. चर्चच्या बायकांनी एकेक ड्रॉवरला लेबल लावलंय. "कॉफीचे फिल्टर." "केकच्या सुऱ्या." "लग्नाचे चमचे, हात लावू नये." कुठला डिंक वापरला होता देव जाणे. दीड तासात पाच निघाली. उरलेल्यांवर माझी नवीन लेबलं चिकटवली: दीड इंची खिळे, पटाश्या, किरकोळ.

सासूबाई लॉनचेअर टाकून, कोट घालून, गॅरेजमध्ये शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या. वय त्र्याऐंशी. आमच्याकडेच असतात. चर्चच्या त्या किचनवर त्यांनी एक्केचाळीस वर्षं राज्य केलं. माझी मांडणी बघून म्हणाल्या, वेगळंच आहे हो.

त्या मुळात बोलतात कमी. त्यामुळे फार बरं वाटलं. मी मूळचा नेब्रास्काचा. आमच्याकडे लोक तोंडावर काय ते बोलून मोकळे होतात. पण मिनेसोटात चोवीस वर्षं काढली, आता मला या लोकांचं न बोललेलंही कळतं.

शनिवार, २० एप्रिल, दुपार

आठही कपाटं भिंतीला लावली. वर शाळेच्या जिममधल्या जुन्या बाकांच्या फळ्या. खालून च्युइंगमचे गोळे आहेत, पण खालून कोण बघतंय.

प्रत्येक ठिकाणी जमिनीपासून छत्तीस इंच. एक सूत इकडचं तिकडे नाही. मी सत्तावीस वर्षं हायस्कूलला भूमिती शिकवतोय. पायाला समांतर रेषा म्हणजे काय, हे मला कुणी सांगू नये.

मग सासऱ्यांची जुनी लेव्हल वर ठेवली. बुडबुडा पळाला तो एका टोकाला जाऊन बसला. लेव्हल १९६२ सालची आहे. आतलं पाणी शिळं झालं असणार. सासूबाई म्हणाल्या, ह्यांनी त्याच लेव्हलवर अठ्ठावीस घरं बांधली. म्हटलं, तेच तर, झिजली बिचारी.

रविवार, २१ एप्रिल

नवीन लेव्हल आणली. तीही बिघडलेली. हल्ली काही धड बनवतच नाहीत.

सोमवार, २२ एप्रिल

परत केली. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, गॅरेजची जमीन का? बर्फाचं पाणी वाहून जावं म्हणून ती दाराकडे उतरती असते. म्हटलं, बाई, मला ठाऊक आहे. म्हणून तर सगळी मापं जमिनीपासून घेतली. ती काही बोलली नाही. पटलं असावं.

शुक्रवार, २६ एप्रिल

पेपर तपासायचे होते. काम शून्य.

कपाटांखाली लाकडाच्या पातळ पाचरी सापडल्या, चार-पाच. खेपा करताना चर्चमधून आल्या असतील. काढून कॉफीच्या डब्यात टाकल्या, डब्यावर लिहिलं "किरकोळ". स्वच्छता अंगी बाणवली की काम निम्मं होतं.

शनिवार, २७ एप्रिल

गंमतच. पुन्हा पाचरी. काल नीट झाडलं होतं. उंदीर? उंदीर पाचरी आणतात का, हे बघायला हवं. डब्यात टाकल्या. डबा रिकामा वाटला, पण मी घाईत होतो.

सकाळी काढण्याआधी सहज सासऱ्यांची लेव्हल ठेवली होती, तर बुडबुडा बरोबर मधोमध. संध्याकाळी परत टोकाला. म्हणजे लेव्हल हवेवर चालते. आज हवेत दमटपणा होता.

गुरुवार, २ मे

चर्चच्या किचनचं काम रखडलंय. भिंतीत काहीतरी निघालं. बायका कुरकुर करतायत, बुधवारची कॉफी आता कुठे करायची. मार्डेलला म्हटलं, लोकांना नियोजन नसतं. ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

वरची सहा कपाटं अजून खालीच आहेत.

शनिवार, ४ मे

वरची कपाटं चढवायला दोन माणसं लागतात. कर्टिसला बोलवा, असं मार्डेलचं मत. माझं मत वेगळं. स्टूल, जॅक आणि डोकं या तीन गोष्टींवर एकट्याने एक कपाट चढवलं. डोक्याला टेंगूळ. सासूबाई म्हणाल्या, असं कुणी करताना पाहिलं नव्हतं. मग पुन्हा, वेगळंच आहे. हे दुसऱ्यांदा. मी मोजतोय.

शनिवार, ११ मे

मासेमारीचा मोसम उघडला. आजच्या दिवशी तळ्यावर न जाणं म्हणजे गावाशी वैर. मासा एकही नाही.

बुधवार, १५ मे

कपाट खाली आलं. आपणहून. कुणी जवळ नव्हतं, हे महत्त्वाचं. आता ठरवलंय की वरची कपाटं लावायचीच नाहीत. मोकळी भिंत डोळ्यांना बरी. सहा कपाटं मागच्या अंगणात ताडपत्रीखाली.

पाचरी पुन्हा. आता मला कर्टिसचा संशय येतोय. गेल्या रविवारी जेवायला आला होता, गॅरेजमधून उगाच जाऊन आला. कटावणी कायम मी ठेवतो तिथे नसते, हाही पुरावा. उद्यापासून पाळत ठेवायची.

गुरुवार, १६ मे

पाळत ठेवायला बसलो होतो. सासूबाईही होत्या, म्हणाल्या, तुम्ही आत जाऊन झोपा, मी बघते लक्ष ठेवून. किती जीव लावतात.

सोमवार, २० मे

परीक्षेचा दिवस. मार्डेल आली, बरोबर कर्टिस. त्याला कशाला आणायचं होतं? मी सकाळीच सगळ्या पाचरी काढून, झाडून, फळ्यांना तेल लावून ठेवलं होतं. चकचकीत.

कर्टिसने बेंचवर सोड्याचा कॅन आडवा ठेवला. तो कॅन सोळा फूट गेला, टोकावरून पडला आणि दाराबाहेर ड्राइव्हवेवर लोळत गेला. कर्टिस म्हणाला, सोय बरी केलीस वेंडेल, रस्त्यावरच्याला आत यायलाच नको. मी म्हटलं, वारा आहे.

मार्डेलने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, कर्टिस, तुझं शेड. तेवढ्यात ब्रिटा आली. म्हणाली, निमंत्रणं तर मी एप्रिलमध्येच पाठवली, दीडशे, पत्ता आपलाच छापलाय. अटीबद्दल तुम्ही बोलत होतात त्याच आठवड्यात पाठवून टाकली.

पोरीचा माझ्यावर एवढा विश्वास. जरा वेळ गाडीत जाऊन बसलो.

शनिवार, १ जून, पहाटे

आज पार्टी. गॅरेज रिकामं, झाडलेलं, सुतळीवर ब्रिटाचे बालवाडीपासूनचे फोटो. सहा वाजता शेवटची पाहणी केली. पुन्हा पाचरी, या वेळी तब्बल नऊ, अगदी आत ठोकलेल्या. पाहुण्यांना दिसल्या असत्या तर शोभा झाली असती. सगळ्या उपटल्या. कपडे बदलायला जातो.

रविवार, २ जून

कालचं सगळं क्रमाने लिहितो. मन थोडं गोंधळलं आहे.

दोन वाजता चर्चच्या बायका भांडी घेऊन आल्या. आल्या त्या दारातच थबकल्या. त्यातली मेव्हिस म्हणाली, अगं बाई, आपली कपाटं. मग कुणी कुणाला काही विचारलं नाही. मेव्हिस डावीकडून तिसऱ्या ड्रॉवरकडे गेली, न बघता हात घातला, आणि केकची सुरी म्हणून माझी पटाशी बाहेर काढली. जरा न्याहाळली, बाहेरच्या नळाखाली धुतली आणि केक कापायला घेतला. दुसरीने फिल्टरच्या ड्रॉवरमधले माझे खिळे एका खोक्यात ओतले. एप्रिलभर जाती-आकाराप्रमाणे लावलेले खिळे.

साठ कपांचं कॉफीचं पिंप बेंचच्या वरच्या टोकाला ठेवलं. खाली मीटबॉलचं भांडं, सॅलडं, केक. अडीच वाजेपर्यंत सगळं ठीक. मग मीटबॉल निघाले. सावकाश, कुणाला त्रास न देता, तेल लावलेल्या फळीवरून सॅलडांना ढकलत दाराच्या दिशेने. पाठोपाठ केक. पास्टर बशी घेऊन उभे होते, त्यांनी केकला दोन्ही हातांनी थोपवलं. कॉफीचं पिंप कलून नळातून आपोआप गळायला लागलं. पन्नास माणसं बघतायत. कर्टिस तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला.

ब्रिटा ग्रॅज्युएशनची टोपी घालून दारात उभी होती. मला वाटलं, संपलं. पोरीची पार्टी मी घालवली. असं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

सासूबाई खुर्चीतून उठल्या. पर्स उघडली. आतून पाचरी काढल्या. नऊ. मेव्हिसला म्हणाल्या, कटावणी दे. मेव्हिस आणि आणखी तिघींनी मिळून बेंचचं खालचं टोक उचललं, सासूबाई गुडघ्यावर बसल्या आणि माझ्या बुटाच्या टाचेने एकेक पाचर ठोकली. बूट माझ्या पायातून काढून घेतला होता. चार मिनिटांत मीटबॉल थांबले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ब्रिटा हसून हसून खाली बसली, मग येऊन माझ्या गळ्यात पडली. बाबा, अशी पार्टी गावात कुणाचीच झाली नाही, म्हणाली. एका पायात मोजा, तसाच उभा राहिलो, पण सुख म्हणजे काय ते कळलं.

एक बारीकशी गोष्ट उरली. कर्टिसच्या बायकोने टुना घातलेली हिरवी जेली आणली होती. सासूबाईंनी एक चमचा तोंडात घातला, म्हणाल्या, वेगळंच आहे हो. आणि रुमालात थुंकल्या.

सगळी रोजनिशी उघडून बसलो. "वेगळंच" एकूण तीन वेळा. दोनदा माझ्या कामाला, एकदा जेलीला.

सोमवार, ३ जून

काही लिहावंसं वाटत नाही.

बुधवार, ५ जून

सकाळी नऊला स्क्रू-ड्रायव्हर आणायला गॅरेजमध्ये गेलो. आत अकरा बायका. चर्चचं किचन सप्टेंबरपर्यंत तयार होणार नाही, तोवर बुधवारची कॉफी इथेच, असं ठरलंय. मार्डेलला माहीत होतं. पास्टरना माहीत होतं. मला कुणी सांगितलं नाही, कारण मी हो म्हटलंच असतं, असं मार्डेलचं म्हणणं. ताडपत्रीखालची सहा कपाटं कर्टिसने काल भिंतीवर चढवली. भिंतीवर त्याने काही बाह्यरेषा रंगवल्या नाहीत, एवढं बरं.

माझी लेबलं गेली. खाली जुनी तशीच होती. फिल्टरमध्ये फिल्टर, केकच्या सुऱ्या जागेवर. हत्यारं विचारली तर मेव्हिसने जिन्याखालचा बुटांचा खोका दाखवला. वर सासूबाईंच्या अक्षरात लेबल: वेंडेल, किरकोळ. खोका उचलणार तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, आलाच आहात तर शेजारून खुर्च्या आणा. आणल्या. कॉफी मिळाली.

निघताना सासऱ्यांची लेव्हल बेंचवर ठेवून बघितली. बुडबुडा मधोमध. सोळा फुटांत कुठेही ठेवा. सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या, फळीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, वाईट नाही.

मार्डेल नेहमी सांगते, आईच्या तोंडून हे शब्द फक्त एकदा आलेत, वडिलांनी शेवटचं घर बांधलं तेव्हा. मी घाईघाईने आत येऊन ही वही काढली.

मार्डेल आत्ताच पाठीमागून वाचून गेली. म्हणाली, आई पाचरींबद्दल बोलत होती.