काळी कोंबडी मारून तपासून मिळणेबाबत

प्रति,
मा. पशुधन विकास अधिकारी,
पशुवैद्यकीय दवाखाना, सोनवाडी नाका,
छत्रपती संभाजीनगर.

अर्जदार : धम्मपाल कडुबा हिवराळे, सेवानिवृत्त अव्वल कारकून, रा. गारखेडा परिसर, छत्रपती संभाजीनगर.

विषय : माझ्या परसातील कोंबड्या राणीखेत रोगाने मेल्या, उताऱ्याने नव्हे, असा दाखला मिळणेबाबत, व त्यासाठी शिल्लक राहिलेली एक कोंबडी मारून तपासणेबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे दोन अर्ज.
२) आपल्या दवाखान्याचे व्रणोपचारक श्री. राजेंद्र यांनी खिडकीतून दिलेले तोंडी उत्तर.

महोदय,

१. नोकरीत असताना मी दुसऱ्यांचे अर्ज वाचत असे, आणि जो अर्ज पहिल्या चार ओळींत आपले म्हणणे सांगत नाही तो खालच्या ट्रेमध्ये टाकत असे. म्हणून आधी म्हणणे सांगतो. माझ्या अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा मेला. गल्ली म्हणते, उतारा बाधला. मी म्हणतो, मानमोडी आली, जिला आपण राणीखेत म्हणता. माझे म्हणणे खरे आहे असा गोल शिक्क्याचा कागद मला पाहिजे.

२. प्रकरणाची हकिकत अशी की, माझे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी श्री. बद्रीनाथ ताठे यांची पत्नी सरिता हिला हिवाळ्यात ताप आला व तो उतरेना. दवाखान्यात तिला रोज सलाइन लावून घरी आणत होते. तरीही बद्रीनाथच्या मातोश्री केसरबाई यांनी लासूर स्टेशनच्या बाजारातून एक काळी कोंबडी आणली, सुनेवरून ओवाळली आणि दिवेलागणीला आमच्या गल्लीच्या तिकटीवर पाय बांधून ठेवली. सोबत लिंबू, हळदकुंकू, भाताचा मुटका. अशा वस्तूला कोणी हात लावत नाही. लोक वळसा घालून जातात आणि बाकीचे काम कुत्री करतात.

३. ती कोंबडी मी उचलली. आमचे घर धम्म स्वीकारलेले आहे. रविवारी विहारात मी बोलतो, आणि उतारा, भानामती, करणी हे माझे नेहमीचे विषय आहेत. ज्याने आयुष्यभर हे सांगितले त्याने तिकटीवरून वळसा घालून जाणे बरोबर दिसले नसते. मी पायाची सुतळी सोडली, रुमालाने कुंकू पुसले आणि जमलेल्या पाचसात जणांपुढे थोडक्यात भाषण केले, की ताप डासाने येतो व औषधाने जातो, कोंबडीने नव्हे. ही कोंबडी आजपासून माझ्या घरी अंडी देईल. बद्रीनाथ बनियनवर फाटकाशी उभे होते. ते म्हणाले, "न्या साहेब, न्या. आमचं काय जायलंय?" त्या वेळी मला वाटले, माणूस हरला.

४. घरी माझी पत्नी रत्नमाला हिने कोंबडीकडे पाहिले आणि म्हणाली, "नवी हाय, आठ दिस डालग्याखाली येगळी ठिवू." डालगे म्हणजे कोंबडी झाकायची मोठी टोपली, हे आपणास सांगायला नको. रत्नमाला खेड्यात कोंबड्यांत वाढलेली आहे; परसातली एकूण एक कोंबडी तिनेच अंड्यावर बसवून वाढवलेली होती. तथापि मी नकार दिला. बद्रीनाथच्या गच्चीवरून आमचे परस दिसते. कोंबडी वेगळी ठेवली असती तर हिवराळे घाबरला, असे त्याच रात्री सगळीकडे झाले असते. रत्नमालेने दोनदा सांगितले, मी दोनदा तिला समजावले आणि कोंबडी माझ्या हाताने खुराड्यात सोडली.

५. येथे एक बाब नमूद करणे भाग आहे. केसरबाईंनी बाजारात मुद्दाम आजारी कोंबडी मागितली होती. उताऱ्याची कोंबडी कोणी खात नाही, मग धडधाकट कशाला वाया घालवायची, असा त्यांचा हिशेब. हे त्यांनी स्वतः गल्लीत सांगितले आणि सांगताना त्या हसत होत्या. मी पोलीस ठाण्यात जाऊन जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार देऊ केली. अंमलदाराने माझे सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "काका, कोंबडी उचलायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" तक्रार घेतली नाही.

६. रोगाची लक्षणे पूर्वीच्या अर्जात दिली आहेत. पंख लोंबणे, चोच उघडी टाकून श्वास घेणे, हिरवट हगवण, शेवटी मान पिळवटून पाठीवर जाणे. पूर्वीच्या अर्जात एक गोष्ट मी लिहिली नव्हती, ती आता लिहितो. सगळ्या कोंबड्या रोगाने मेल्या नाहीत. पहिली तांबडी कोंबडी खाली बसली, तिच्या तुऱ्यावर दुसरीने टोच मारली. रक्त दिसले आणि मग सगळ्या आल्या. तांबडीचा एक डोळा ती जिवंत असताना गेला. रत्नमालेने तिला ओढून काढले, हळद आणि खोबरेल भरले, डालग्याखाली ठेवले. तोवर खुराड्यात दुसरी बसली होती. कोंबडा तर सगळ्या परसाचा मालक. तो भिंतीत तोंड खुपसून उभा राहिला आणि ज्यांच्यासाठी तो मांजरावर धावून जात असे त्यांनी त्याच्या शेपटीची पिसे उपटून कातडी उघडी केली. मी खुर्ची टाकून हे सर्व पाहत होतो, कारण निरीक्षणाशिवाय पुढे काही सिद्ध करता येत नाही.

७. रत्नमाला विळी घेऊन आली. म्हणाली, "तडफडायल्यात. मोकळ्या करू द्या." मी तिला थांबवले. आम्ही कोंबड्या केवळ अंड्यांसाठी पाळत होतो, आणि पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे, याची मी तिला आठवण करून दिली. त्यामुळे त्या आपापल्या वेळेने मेल्या. काहींना फार वेळ लागला.

८. लस का दिली नव्हती, असे श्री. राजेंद्र यांनी मला खिडकीतून सर्वांदेखत विचारले. त्याचा खुलासा असा. लसीची बाटली शंभर कोंबड्यांची असते व एकदा फोडली की तासाभरात संपवावी लागते, म्हणून गल्लीने एकत्र अर्ज करावा, असे त्यांनीच गेल्या उन्हाळ्यात सांगितले होते. मागच्या गल्लीतल्या ताहेराबी माझ्याकडे आल्या. त्यांच्याकडे बऱ्याच कोंबड्या आहेत. म्हणाल्या, "साब, सब मिलके लगा लेंगे. लिखापढी तुम करो." मी अर्ज तयार केला. त्यात पहिल्या पानावर वैज्ञानिक दृष्टिकोनाचे महत्त्व सांगितले होते आणि शेवटी, आम्ही खाली सह्या करणारे यापुढे उतारा टाकणार नाही व दृष्ट काढणार नाही, असे एक कलम घातले होते. लस विज्ञानाची घ्यायची आणि लिंबू दारात टांगायचे, हे मला पटत नव्हते. त्या अर्जावर माझ्याशिवाय कोणाचीही सही झाली नाही. ताहेराबी एवढेच म्हणाल्या, "कोंबड्यांना लस पायजे होती साब, माणसांना नाही." सबब लस आली नाही. यात माझी चूक काय, ते मला अजून कोणी सांगितलेले नाही.

९. मेलेल्या कोंबड्या घंटागाडीत गेल्या. तपासायला काही उरले नाही. वर्णनावरून दाखला द्यावा, अशी विनंती मी दुसऱ्या अर्जात केली होती. त्यावर श्री. राजेंद्र म्हणाले, "काका, मेलेलं ताजं आणा, बर्फात घालून. वर्णनावर दाखला भेटत नसतो."

१०. दरम्यान सरिता ताठे बरी झाली. ती आता फाटकाशी उभी राहून भाजी घेते, तब्येत भरली आहे. केसरबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "आमच्या सुनंचा ताप साहेबानं सोता उचलून नेला. देवमाणूस." विहारातही, जिथे माझे शब्द लोक मान हलवून ऐकत, तिथे दुसऱ्याला बोलायला उभे करण्यात आले. कारण विचारले तर म्हणाले, तुम्ही तब्येतीला जपा. मला काहीही झालेले नाही. परंतु कोंबड्या संपल्या, आता माणसाचा नंबर, असे सगळ्यांनी मनात धरले आहे. माझ्या घरात कोणी शिंकले तरी शेजारची खिडकी उघडते.

११. याहून पुढची गोष्ट अशी की, लोक आता उतारा तिकटीवर ठेवत नाहीत. माझ्या फाटकापाशी आणून ठेवतात. मी उचलतो आणि मला बाधतो, म्हणजे त्यांचे काम पक्के होते, असा त्यांचा समज झाला आहे. या महिन्यात मी लिंबे, नारळ, तेल लावलेली भाकरी, एक काळी बाहुली आणि पायाला दोरा बांधलेले कोंबडीचे पिल्लू उचलले. उचलले नाही तर घाबरला म्हणतील, म्हणून उचलावे लागते. पुंडलिकनगरहून एक बाई रिक्षा करून आली होती. तिच्या नवऱ्याला मूतखडा आहे. तिने माझ्या हातात नारळ दिला आणि माझ्या पाया पडली.

१२. आता मुख्य मुद्दा. एक कोंबडी जगली, आणि ती नेमकी तीच काळी. मान पिळून पाठीवर गेली आहे, चालायला लागली की मागे मागे जाते व भिंतीला अडते. तिला दाणा दिसतो पण टिपता येत नाही. चोच मातीत भलतीकडेच लागते. अशी कोंबडी उपाशी मरायला पाहिजे होती. परंतु रत्नमाला बाजरीच्या पिठाच्या गोळ्या करून तिला भरवते. मांडीवर घेते, मान सरळ धरते, एक गोळी, मग थेंबभर पाणी. जिने घरातल्या सगळ्या कोंबड्या मारल्या तिलाच का जगवतेस, असे मी विचारले. ती म्हणाली, "तिला कुणी इचारलं व्हतं का, तुला कुणावरून ववाळू म्हणून? का तुला कुठं सोडू म्हणून?" नंतर म्हणाली, "मलाबी कुणी इचारलं नाय." त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरते बोलते. कोंबडीशी मात्र पुष्कळ बोलते. मी स्वयंपाकघरात गेलो की गप्प होते.

१३. महोदय, अर्जात भावना लिहू नये, हे मीच कनिष्ठांना शिकवले. तरी लिहितो. मला त्या कोंबडीचा राग येतो. हेवाही वाटतो, आणि या वयात कोंबडीचा हेवा वाटावा याची लाज वाटते. शिवाय ती मरत नाही, हाच लोकांच्या हातातला पुरावा आहे. बद्रीनाथ गच्चीवरून पाहुण्यांना बोट करून दाखवतात, "ती बघा. उताऱ्याची हाय म्हणून मरंना." ती जिवंत आहे तोवर माझे खरे ठरणार नाही.

१४. श्री. राजेंद्र यांनी एक पर्याय सुचवला होता, तो लपवत नाही. पंखाखालून थोडे रक्त काढून पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवता येते, कोंबडी मारावी लागत नाही. परंतु त्यातून या कोंबडीला रोग होऊन गेला एवढेच कळेल, बाकीच्या कशाने मेल्या ते कळणार नाही, असेही त्यांनी सांगितले. अर्धवट कागद घेऊन मी विहारात काय वाचून दाखवू? आणि रक्त देऊन कोंबडी घरी परत येईल, पुन्हा मांडीवर बसेल. तो पर्याय मला मान्य नाही.

१५. सबब मागणी अशी : सोबतची कोंबडी ताब्यात घेऊन आपल्या कार्यालयात मारावी व तपासावी. शील मला लागू आहे, शासनास नाही, असे मी विचारांती ठरवले आहे. दाखला मराठीत असावा, मोठ्या अक्षरात असावा आणि त्यात 'उताऱ्याचा संबंध नाही' हे शब्द असावेत. शेवटची मागणी अशी की, माझी पत्नी विचारायला आली तर, कोंबडी औषधासाठी आणली होती व उपचार चालू असताना मेली, असे आपल्या कार्यालयाने तिला लेखी द्यावे. चाळीस वर्षांच्या संसारात मी रत्नमालेशी कधी खोटे बोललेलो नाही, म्हणून हे आपल्या सहीने जावे.

१६. रत्नमाला आज सकाळच्या गाडीने लासूर स्टेशनला बहिणीकडे गेली आहे, संध्याकाळी परत येईल. जाताना तिने कोंबडी माझ्यावर सोपवली. घरात दुसरे कोणी नाही, नाइलाज होता. काम आजच व्हावे. मी बाहेरच्या बाकावर बसून आहे.

शिक्क्याची वाट पाहणारा,

(सही)
धम्मपाल कडुबा हिवराळे
दिनांक : १७ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) पूर्वीच्या दोन्ही अर्जांच्या पोचपावत्या.
२) काळी कोंबडी, एक, जिवंत, खोक्यात. खोक्याला हवेसाठी भोके पाडली आहेत.
३) बाजरीच्या गोळ्यांची डबी. आपणास उशीर होणार असेल तर दुपारी भरवाव्यात. मान डाव्या हाताने सरळ धरावी लागते, नाहीतर तिला गिळता येत नाही. अनोळखी हाताला ती घाबरते. तसे झाल्यास मला आत बोलवावे.