तुळईवरची खडूची खूण

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वहिनीची कंबर आता बरी आहे हे वाचून जीवात जीव आला. मुलांची चित्रं मी कारखान्यात रंध्यांच्या वर लावली आहेत. धाकट्याने मला मिशा का काढल्या, ते मात्र विचार त्याला.

आता मुद्द्याचं. बाबांना ऐकू येत नाही. कमी येतं असं नाही, येतच नाही म्हण. बोलताना ओठांकडे बघून निभावून नेतात, आणि मुळातच तिरसट असल्यामुळे उत्तर दिलं नाही तरी कुणाला संशय येत नाही. पण तुळई काही ओठ हलवत नाही! सध्या शाळेच्या छपराचं काम चाललंय. कुठली जुनी तुळई ठेवायची आणि कुठली उतरवायची, ते बाबा हातोडी मारून ठरवतात. धड लाकूड खणखणतं, पोखरलेलं बद्द वाजतं. काल एका वर्गावरची तुळई त्यांनी ठोकली, मान डोलावली आणि खडूने पास केल्याची खूण केली. मी शिडी धरून खालीच होते. भिंतीत शिरते त्या टोकाला ती चक्क बद्द वाजली. वरून बघशील तर एक भोक नाही.

गवंडी, मुख्याध्यापक सगळे समोर, मी गप्प बसले. संध्याकाळी एकटीनं जाऊन तुळईखाली टेकू लावला. पण असं किती दिवस करू? लाकूड ऐकणं हेच बाबांचं आयुष्य आहे रे. ते त्यांच्याकडून कसं काढून घेऊ? फार रडू येतं.

काय करू ते लगेच कळव. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझी,
धाकटी

१० मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

मिशा तुला शोभतात, असं चित्रकाराचं म्हणणं आहे.

बाबांना काही सांगू नकोस. या वयात माणूस खचला की पुन्हा उभा राहत नाही. तू मागून ऐकत जा आणि गुपचूप खुणा बदलत जा. शाळेच्या तुळईला निमित्त काढ. भिंतीतल्या ओलीने टोक आतून कुजतं, बाहेरून पत्ता लागत नाही, हे बाबांनीच आपल्याला शिकवलंय. ओलीचं नाव पुढे कर आणि गिरमिटाने भोक पाडून बघू म्हण. भुसा डोळ्यांना दिसेल, कानाचा विषयच निघायचा नाही. त्यांचा मान आता आपणच राखायचा. आहे की नाही तुझा भाऊ हुशार?

वहिनीचे आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा

१९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या हुशारीचं काय झालं ते ऐक. गिरमिट बाबांनी माझ्या हातातून काढून घेतलं. दोन बोटं लाकूड घट्ट लागलं, आणि मग हात एकदम पुढे गेला. आत काही नव्हतंच. काळा, ओला भुसा तेवढा खाली पडला. मी ठरल्याप्रमाणे ओलीचं बोलायला लागले. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग टेकूकडे बघितलं, आणि तो कुणी, कधी लावला ते विचारलं. खोटं तोंडातून फुटेचना, दादा. सगळं सांगून टाकलं.

चिडले असते तर बरं वाटलं असतं. शिडी उतरून ते सरळ मुख्याध्यापकांकडे गेले. मला ऐकू येत नाही, ही तुळई उतरवा, माझी एकही खूण धरू नका, असं स्वतः सांगितलं. शेजारच्या वर्गात मुलं पाढे म्हणत होती.

वर्षभरात पास केलेल्या प्रत्येक घरी आता आम्ही जातोय. दारात बाबाच आधी सांगतात. एकाने तोंडावर दार लावून घेतलं, तर ते बाहेर उभे राहिले, उघडेपर्यंत. मी ठोकते आणि ऐकते, ते माझ्या तोंडाकडे बघत असतात. मला बघवत नाही.

तुझ्या बहिणीला विसरू नकोस.

तुझी,
धाकटी

२० मार्च

चि. थोरल्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी मागून घेऊन वाचलं. माझा मान राखायला निघालास, पण छप्पर कुणाच्या डोक्यावर येईल हे तुझ्या मनात आलं नाही. असो. भांडायला लिहीत नाही.

माणसांचं ऐकू येईना हे मला कळलं होतं. लाकडाचं येतंय असंच वाटत होतं. हातोडी मारली की हाताला हादरा बसतो आणि आवाज डोक्यात आपोआप उमटतो, जन्मभर ऐकलेला. आणि चांगल्या लाकडाचाच उमटतो.

घरं आठवताना मी कामाचीच आठवत होतो. तुझं घर कामाचं नव्हतं, म्हणून राहून गेलं. आज सकाळी एकदम ध्यानात आलं. गेल्या उन्हाळ्यात तुझ्याकडे आलो, तेव्हा मुलांच्या खोलीवरची तुळई ठोकून मी तुला छातीठोकपणे सांगितलं होतं की नातवंडं म्हातारी होतील तरी हिला काही होणार नाही. ती खरंच खणखणली होती की मलाच तसं वाटलं, हे मला आज सांगता येत नाही.

टपालाचा भरवसा नको म्हणून हे पत्र लाकडाच्या ट्रकवाल्याजवळ देतोय. मुलांना त्या खोलीत पाऊल टाकू देऊ नकोस. तू स्वतः ठोकून बघायला जाऊ नकोस. शनिवारी मी आणि धाकटी येतो, ती ठोकून ऐकेल. मुलं विचारतील, तेव्हा आजोबा चुकले असं सांग. दुसरं काही सांगू नकोस.

लोभाचं मागाहून बघू, आधी अंथरुणं हलव.

तुझे,
बाबा