तिसऱ्या हाकेआधी

माय,

तू गेल्यापासून आठ महिन्यांत तुला एक अक्षर लिहिलं नाही. आज लिहितेय, कारण चारच्या गाडीनं पुण्याला निघायचंय आणि भीतीनं पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही.

उद्या तिथल्या एका हॉटेलात माझा पहिला मोठा कार्यक्रम. जमला तर दर शनिवारी गाणं. नाही तर आहेच पुन्हा अंबडच्या लग्नांतला ऑर्केस्ट्रा!

मी जॅझ आणि सोल गाते, हे तुला फोनवर सांगितलं होतं, आठवतं? सोल म्हणजे आत्मा, म्हटलं. तर तू म्हणालीस, "आत्म्याचं गाणं? मंग भजनच म्हण की सरळ!" किती हसलो होतो गं!

परवा तालमीत मात्र मी गाऊच शकले नाही.

आमच्या गाण्यात सॅक्सोफोन आधी हाक मारल्यासारखी एक ओळ वाजवतो, मग मी ओ द्यायची. मी नेहमी उशिरा देते. मंडळींना वाटतं, काय ही ऐट! कसली ऐट? लहानपणी तूच दम भरला होतास ना, "दिवेलागणीला कुनी हाक मारली तं लगेच ओ द्यायची न्हाई. भूत दोनदाच हाक मारतं. तिसरी आली तरच बोलायचं!" त्या धाकानं होणाऱ्या उशिरावरच मंडळींत माझं एवढं नाव झालं.

परवा सॅक्सोफोनवाला ती ओळ तीनदा वाजवून थांबला. मी तोंड उघडलं, आवाजच नाही. सगळे बघत राहिले.

तू गेलीस त्या दिवशी तुझा फोन दोनदा आला होता. मी क्लासमध्ये होते. म्हटलं, काही महत्त्वाचं असेल तर माय तिसऱ्यांदा करेलच. का नाही केलास? नियम तुझाच होता ना? काय सांगायचं होतं गं तुला?

आबा मघाशी म्हणाले, "भेऊन राह्यली का? माय असती तर शहागडच्या फाट्यापस्तोर सोडायला आली असती." उद्याही आवाज फुटला नाही तर, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पण तुला शब्द देते. उद्या पहिल्याच हाकेला ओ देईन. भीत भीत देईन, पण देईन. भूत असलं तरी. तू आता त्यांच्यातलीच ना? तुला कुठं तिसऱ्यांदा हाक मारता येणार आहे!

तुझी,
वैशी