पाण्याचा व्हॉल्व्ह

आश्विन व. ८, अकोट
कापसातली सरकी काढायच्या आमच्या जिनच्या बॉयलरवरच्या मुख्य व्हॉल्व्हला तडा. हंगाम तोंडावर, अन् लढाईमुळे विलायती माल बंद. मालक शेठना सांगितले. "पाहू अकोल्याले." पाहू. दुसरे काय आहे हातात.

आश्विन व. १०, अकोला
दिवसभर पायपीट. एकच व्हॉल्व्ह मिळाला. माप तेच, बोल्टांची भोकेही जुळतात, पण ओतीव लोखंडाचा, पाण्याच्या नळाचा. वाफेच्या दाबाला फुटेल. शेठ माझ्यासोबत होते, घेऊन मोकळे झाले. "बसते ना? मंग झालं!" म्हटले, त्याच्या खाली आपला फायरमन रामभाऊ भट्टीत कोळसा घालत उभा असतो. शेठ पान लावत राहिले. शेवटी म्हणाले, पंचमीला जिन सुरू करायचा मुहूर्त आहे, तोवर दुसरा मिळाला तर आणा.
कंटाळा आला या माणसाचा.

पाडवा, अमरावती
घरी आलो तो ओवाळून घ्यायला नाही, हे सौ.ने लगेच ओळखले. कापसाच्या गाठी बांधायच्या एका बंद पडलेल्या प्रेसमध्ये वाफेचाच व्हॉल्व्ह आहे, दणकट. पण भोके दुसऱ्या मापाची. ओढूनताणून बसवले तर गळणार. मधे जोडचकती करून घ्यायला हवी. लेथवाला म्हणतो, दिवाळीमुळे कारागीर गावाला गेलाय, पंचमीनंतर या.
सौ. : "शेठना थांबायला सांगा ना." हो. सांगतो.

कार्तिक शु. ४, अकोट
माझ्यामागे पाण्याचा व्हॉल्व्ह चढवूनही झाला! रामभाऊनेच चढवला. वर सांध्यात सफेद्याच्या रंगात भिजवलेली रुई, सरकी काढलेला कापूस. या गावात काहीही गळो, रुई कोंबतात. वाफेने ती करपते. मागच्या हंगामात अशाच सांध्यातून सुटलेल्या वाफेने रामभाऊचा हात भाजला, अजून डाग आहे. मी ओरडलो.
"मंग काय करू साहेब? शेठ म्हने आजच बसव. रुई हाताशी होती."
"अन् फुटला तर?"
"तुमी हाय ना."
राग कुठल्या कुठे गेला. नुसता थकवा उरला.
फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या लागल्यात. शेठना पुन्हा विनवले, पंचमी सोडा, आठवडा द्या. "गाडीवाले अकोल्याले जातीन मंग." उठून गेले.

त्याच दिवशी, संध्याकाळ
व्हॉल्व्हचे चाक काढून खोलीवर आणले. चाकाशिवाय वाफ सोडता येणार नाही, असे मनात. रामभाऊ पाहत होता. अडवले नाही. फाटकापर्यंत बरोबर आला, मग हातातला लोखंडी पाना दाखवून म्हणाला, "साहेब, ते पान्यानंबी उघडते."
माहीत आहे मला.
"शेठ सकाळी म्हनन, उघड. मी काय सांगू त्याइले? पोट हाय मले."
"नाही म्हण."
त्याने पाना खांद्यावर टाकला. मग घरी गेला. पाना नेला. एरवी तो बॉयलरपाशीच टांगलेला असतो.