सरांचा दुखरा गुडघा

सर, काल आमच्या विद्यापीठात रॅम्पचं उद्घाटन झालं. फीत कापायला मलाच बोलावलं होतं, कारण निवृत्त झाले तरी समान संधीच्या समितीवर मी अजून आहे आणि काठी घेऊन चालणारी बाई फोटोत बरी दिसते. रॅम्प देखणा आहे. काठी हमखास घसरेल अशी गुळगुळीत फरशी, दोन्ही बाजूंना चकचकीत कठडे आणि वरच्या टोकाला, दाराच्या अगदी तोंडाशी, एक पायरी. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, एकच तर पायरी आहे." मी तिथेच हसत सुटले. लोकांना वाटलं बाईंना आनंद झाला. मला तुमचा गुडघा आठवला होता.

सत्तरच्या दशकातली हिंगोलीच्या आपल्या कॉलेजातली रीत आजच्या पोरींना सांगितली तर त्यांना ती थाप वाटते. मुलींनी वर्गात आपापलं शिरायचं नाही. तळमजल्यावरच्या लेडीज रूममध्ये बसून राहायचं. घंटा झाली की सर हजेरीपट काखेत मारून दाराबाहेर येणार, मग आम्ही सहाजणी खाली माना घालून त्यांच्यामागे रांगेनं निघणार, आणि तास संपला की त्यांच्याच मागे परत. बी. ए.चा वर्ग वरच्या मजल्यावर, चोवीस पायऱ्या चढून. माझा उजवा पाय पोलिओनं लहानपणीच गेलेला. मी सहाव्या पायरीवर असायचे तेव्हा रांग वर्गात पोचून बसलेली असायची. मागाहून एकटीनं शिरायचं धाडस मी एकदाच केलं. मागच्या बाकांवरच्या पोरांनी माझ्या काठीच्या तालावर बाक वाजवले. ताल अचूक होता, हे मान्य करायला हवं. मी दारातूनच परत फिरले, आणि त्यानंतर रोज लेडीज रूममध्ये पुस्तक उघडून बसू लागले. वरून तुमचा आवाज यायचा, त्यातलं कळेल तेवढं अर्थशास्त्र लिहून घ्यायचे. पण तुमचा हजेरीपट वर होता. हजेरी कमी पडली की परीक्षेचा फॉर्म अडणार होता, आणि फॉर्म अडला की मी आमच्या गावी, डोंगरकड्याला परत. मावशीच्या घरी मला सोडतानाच बाबा म्हणाले होते, "एक साल बघतो. न्हाई जमलं तर मशीन घेऊन देतो, घरीच शिवत बस."

एक दिवस तुम्ही तास अर्धवट टाकून खाली आलात. लेडीज रूममध्ये पुरुषानं नुसतं बघणंही रीतीत बसत नव्हतं, म्हणून तुम्ही दाराकडे पाठ करून उभे राहिलात आणि समोरच्या पाण्याच्या माठाकडे बघत मला रागावलात. वर्गात तुमची भाषा छापील असायची. चिडलात की तुम्ही थेट तुमच्या गावच्या, पुसेगावच्या बोलीत जायचात. "इथं काहून बसलीस?" मी म्हटलं, "मागं राहते, सर." "मग थांबा म्हणून हाक मारायला काय झालं? पाय न्हाई धड, पण आवाज तर हाय ना बराबर?" जिन्यात मुलीनं आवाज काढायचा, तोही सरांना थांबवायला? माठ रिकामा आहे का बघावं तशी तुम्ही त्याला एक टिचकी मारलीत आणि निघून गेलात.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही जिना माझ्या पायानं चढू लागलात. दर पायरीवर थांबायचं, चष्मा पुसायचा, पुढची पायरी. आठवड्याभरात तुमच्याकडे पुसायला चष्मा उरला नाही, म्हणून तुम्ही जिन्यातच शिकवायला लागलात. मागणीचा नियम आम्ही अकराव्या पायरीवर शिकलो. वर पोरं खुशीत, कारण तास वीस मिनिटांचा झाला होता. मग तुम्ही प्राचार्यांना अर्ज दिलात, की मोडके बाक ठेवलेली खालची खोली रिकामी करून वर्ग तिथे भरवावा, एका विद्यार्थिनीला जिना चढता येत नाही. प्राचार्य म्हणाले, "मुलींना शिकवतो हेच पुष्कळ झालं. एका मुलीच्या पायासाठी साठ मुलं खाली आणायची का?" अर्ज परत आला. तुम्ही त्याच्याच पाठकोऱ्या बाजूला दुसरा लिहिलात: माझा गुडघा दुखतो, मला जिना चढवत नाही. तिसऱ्या दिवशी खोली झाडून तयार होती. तुमच्यासाठी खुर्चीवर उशीसुद्धा आली होती.

पण सर, सोंग करावं तर ते तुमच्यासारख्या माणसानं करू नये. सोमवारी डावा पाय लंगडायचा, गुरुवारी उजवा. मी पहिल्या बाकावरून खोकून तुम्हाला पाय बदलायची आठवण करून द्यायचे. सगळ्या कॉलेजला तुमच्या गुडघ्याचा कळवळा आला. शिपाईमामा निरगुडीचा पाला आणायचे, हेडक्लार्क लसणाचं तेल. तुम्ही ते खरंच चोळून यायचात, का तर वास आला पाहिजे. पुढच्या बाकावर त्या तेलाच्या वासात मी अख्खं बँकिंग शिकले. आणि खोली लेडीज रूमच्या शेजारीच असल्यामुळे एक गंमत झाली. मी घंटेच्या आधीच काठी टेकत एकटी जाऊन बसू लागले. चार दिवसांनी दुसरी आली, मग तिसरी. दिवाळीपर्यंत सहाच्या सहा गप्पा मारत आपापल्या शिरायला लागल्या, आणि तुम्ही हजेरीपट घेऊन आमच्या मागून यायचात.

मग सव्वीस जानेवारीला मैदानात बैल घुसला. झेंडावंदन चालू, आणि तो शिंगं खाली घालून सरळ स्टाफच्या रांगेवर आला. सगळ्यांत आधी तुम्ही पळालात. मैदान आडवं कापून कुंपणाच्या भिंतीवर चढलात, धोतरासकट, एका दमात. भिंतीवर पोचल्यावर तुम्हाला गुडघा आठवला, आणि तुम्ही तिथे वरच बसून तो चोळायला लागलात. बैल गेला. प्राचार्य टोपी झटकत भिंतीखाली आले आणि म्हणाले, "वा! उद्यापासून वर्ग वरच घ्या." पोरं हसायला लागली. मला मात्र समोर शिलाईमशीन दिसलं. मी काठी आपटली आणि प्राचार्यांवर ओरडले, "दुखणं काही रोज सारखं नसतं, सर! माझाही पाय कधी कधी बरा असतो!" साफ खोटं. तो पाय आयुष्यात एक दिवस बरा नव्हता. पण अख्ख्या मैदानासमोर एका लंगड्या मुलीला खोटं ठरवायचं कसं, हे प्राचार्यांना सुचेना. ते घसा खाकरून झेंड्याकडे गेले. वर्ग खालीच राहिला. शिपाईमामांनी तुम्हाला धरून उतरवलं तेव्हा तुम्ही माझ्याजवळ येऊन हळूच म्हणालात, "आला बग आवाज." दुसऱ्या दिवशी तुम्ही सायकलच्या टायरमधून कापलेला, काठीच्या टोकाला बसवायचा बूट मला दिलात. म्हणालात, "ठकठक लपवायला न्हाई. घसरू नको म्हणून."

बी. ए. झाले, एम. ए. झाले, शिकवायला लागले. विभागप्रमुख झाले तेव्हा तुमचं पत्र आलं, नांदेडहून, मुलाच्या घरून. "आता गुडघा खरंच दुखतो. दोन्ही. मुलगा तिसऱ्या मजल्यावर राहतो, माझं उतरणं होत नाही. एकदा येऊन जा." मला इतकं हसू आलं की मी कार्डावर नुसतं लिहिलं, "आज कोणता?" तुमचं उत्तर आलं नाही. मग एकदा मी लिहिलं की या महिन्यात येते, आणि नंतर लिहिलं की रजा मिळाली नाही. तुम्ही उलट टपाली कळवलंत, "काही हरकत नाही, पुढच्या वेळी." पुढच्या वेळेआधीच तुम्ही गेलात.

काल त्या एका पायरीशी दोघा शिपायांनी मला दंडाला धरून वर घेतलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला तुमची ती नांदेडची इमारत दिसत राहिली. म्हणून आज लिहायला बसले. पोस्टात टाकण्याजोगं यात काही नाही. रजा मिळाली होती, सर. मी आले होते. तुमच्या इमारतीखाली रिक्षातून उतरले, लिफ्ट नव्हती. वर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत तुम्ही पेपर वाचत बसला होता, पेपर आणि हात तेवढे दिसत होते. खाली पोरं क्रिकेट खेळत होती. कुणीही खुर्चीत घालून मला वर नेलं असतं, पण इस्त्रीची साडी नेसलेली विभागप्रमुख मी, माझी वरात निघालेली सगळ्या सोसायटीनं बघायची का? तुम्ही कठड्यावरून वाकून दोन शब्द बोलला असतात तरी चाललं असतं. तुम्ही पेपराचं पान उलटेपर्यंत मी उभी राहिले, मग रिक्षात बसले. आवाज अगदी बराबर होता, सर. मी हाक मारली नाही.