डाव्या बाजूचा कापूस

१४ डिसें. ८४
डाव्या बाजूला आता कापूस लागतच नाही. उजवीकडे मूठभर भरला, आरशात बघितलं, राणी झकास. दशावतारात बायकांची कामं करायची आणि छातीवर खरीच गाठ वाढायची, काय थट्टा आहे! राक्षसाचा रंग फासता फासता आमच्या कंपनीतला शंकर म्हणाला, "तुका कापूस कित्याक व्हयो रे? देवानच दिल्यान!" सगळे हसले. मीपण हसलो. शी.

८ जाने. ८५
दुखायला लागलं. गावातल्या डॉ.कडे गेलो. कशानं झालं, विचारलं त्यांनी. कापसाचं, राणीचं तोंडातून निघेना. म्हटलं, बैलगाडीची दांडी लागली, पंधरवडा झाला. खरं तर वर्ष होत आलंय. त्यांना पटलं. रक्त साकळलंय म्हणाले. गरम पाण्याचा शेक आणि गोळ्या. मी आपला हो हो करत राहिलो, निर्लज्ज.

११ फेब्रु.
शेकून शेकून कातडी लाल, गाठ मोठीच. चोळी आवळायला लागली म्हणून डावी शिवण गुपचूप उसवली. पण माझ्या चोळ्या बायकोच शिवते. सुमन विचारते, "एकाच बाजून कित्याक उसवलास?" मग तिनंच हात लावून बघितलं.
"माका सांगूक तुमका लाज इली?"
इली गो, इली. बायकी कामं केली म्हणून बाईचा रोग झाला, असं गावभर झालं असतं. मग कापसासकट सगळं सांगून टाकलं.

२६ फेब्रु., मुंबई
मेव्हण्याच्या खोलीवर आहोत. गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला होता, आज रिपोर्ट. कॅन्सर. बायकांना होतो तो नाही, छातीच्या स्नायूतला. असा क्वचितच दिसतो म्हणे, म्हणून मोठ्या डॉ.नी शिकाऊ पोरापोरींचा घोळका बोलावला. शर्ट काढून उभा राहिलो. जत्रेत एवढ्या माणसांपुढे पदर सावरलाय, पण असं मेल्याहून मेल्यासारखं कधी झालं नव्हतं.
"किती दिवसांपासून आहे?"
मी परत बैलगाडीची दांडी काढली. सुमन मधेच, "खोटा सांगतत, डॉक्टर! वर्स झाला. नाटकात राणी होतत, थंयसर कापूस कमी कमी करत गेले."
कोणी हसलं नाही. उलट कापूस कधी किती कमी केला ते एक मुलगी विचारून लिहून घेत होती. मी जमिनीकडे बघून उत्तरं देत होतो.

१९ मार्च
ऑपरेशन झालं. गाठीबरोबर दोन बरगड्या गेल्या. डावीकडे खड्डा. खोकला आला की जीव जातो. जखम भरली की किरणांचा शेक, रोज. सुमन अंग पुसायला आली की मी चादर वर ओढतो. "आता काय लपयतास?" म्हणते. माहीत नाही काय ते.

६ मे
शेक संपले. सुमन औषधांच्या रांगेत होती तेव्हा डॉ.नी मला एकट्याला छातीचा फोटो दाखवला. फुप्फुसात बारीक डाग आहे. शेकाचा असेल, नाहीतर तेच असेल. दोन महिन्यांनी परत फोटो काढल्यावर कळेल.
विचारलंच शेवटी, "तेव्हाच खरं सांगितलं असतं तर?"
"ते आता कशाला उकरता?" म्हणाले. फरक पडला नसता, असं काही म्हणाले नाहीत.
सुमन पिशवी घेऊन आली. "काय म्हणाले?"
"सगळा बरा आसा म्हणाले."
निघूनच गेलं तोंडातून. मेल्या, अजून तेच!
खोलीवर आल्यावर ती कित्येक दिवसांनी पोटभर जेवली, वहिनीशी हसली. उद्या सांगावं, तर उद्या गावची गाडी. गाडीत कसं सांगणार?